आधी विचारायचं, मग रक्त घ्यायचं

आखातात राहणाऱ्या वाचकांना 'मेडिकल' म्हणजे काय हे सांगायला नको. रांग लागते, दंडाला पट्टा बांधला जातो, रक्त घेतलं जातं आणि चार दिवसांनी कळतं की आपण 'फिट' की 'अनफिट'. त्या रक्तातून एचआयव्हीही तपासला जातो. बहुतेक आखाती देशांत तो सापडला तर निवासाचा व्हिसा मिळत नाही, आणि आधीच तिथे राहत असलेल्या परदेशी माणसाला मायदेशी पाठवलं जातं. अमेरिकावासी वाचकांनी फार हळहळायचं कारण नाही. १९८७ पासून जानेवारी २०१० पर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेतही प्रवेशबंदी होती.

चाचणी माणसाला शोधून बाहेर काढण्यासाठी करायची, की त्याला सांभाळण्यासाठी? भारतात एचआयव्हीचा इतिहास सुरू झाला तो याच प्रश्नापासून. तो सोडवताना ज्यांनी वाट दाखवली, त्यांत आपली काही माणसं आहेत.

पहिलं नाव डॉ. सुनीती सॉलोमन यांचं. माहेरच्या त्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या, आठ भावंडांतली एकुलती मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात काम करून परतल्या आणि त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. १९८५च्या शेवटी त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी विषय सुचवला: मद्रासमध्ये एचआयव्ही आहे का, ते तपासायचं. त्या वेळी हा आजार पाश्चात्त्यांचा, आपल्या संस्कृतीत तो येणारच नाही, असं पुढारी आणि वर्तमानपत्रं बिनदिक्कत सांगत होती.

निर्मला सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्री करणाऱ्या महिलांकडे गेल्या. तीन महिन्यांत त्यांनी ८० हून अधिक नमुने गोळा केले. हातमोजे नव्हते, साठवणुकीची सोय नव्हती, म्हणून नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. फेब्रुवारी १९८६ मध्ये रात्रीच्या गाडीने ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. तिथल्या तपासणीत सहा नमुने बाधित निघाले. पुढे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने त्याला दुजोरा दिला आणि भारतात एचआयव्ही असल्याचं सरकारला मान्य करावं लागलं. रक्तपेढ्यांतली तपासणी आणि देशभरातलं सर्वेक्षण यांना त्यानंतर वेग आला. या शोधाचं मोल कमी लेखायचं कारण नाही.

पण त्या महिलांना आपलं रक्त कशासाठी घेतलं जातंय, हे सांगितलेलं नव्हतं. निर्मला यांनीच पुढे मुलाखतीत ते मोकळेपणाने सांगितलं आहे. त्या बंदिस्त होत्या, नकार द्यावा अशी त्यांची स्थिती नव्हती, आणि बाधित निघाल्यावर त्यांना देण्यासारखं औषधही नव्हतं. आज माझ्यासारख्या संशोधकाला रक्ताचा थेंब घ्यायचा तर आधी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते आणि समोरच्याला त्याच्या भाषेत समजावून संमती घ्यावी लागते. हे नियम अशा अनुभवांतूनच आले आहेत.

विचारल्याशिवाय केलेली चाचणी सरकारच्या हातात पडली की काय होतं, ते गोव्याने दाखवलं. तिथे सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून बाधितांना सक्तीने वेगळं ठेवायची तरतूद झाली होती. डॉमिनिक डिसोझा हा नेमाने रक्तदान करणारा तरुण. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी ताब्यात घेतलं. म्हापशाजवळच्या जुन्या क्षय रुग्णालयात तो ६४ दिवस पहाऱ्यात होता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने कायदा मात्र वैधच ठरवला. त्याने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारायला घेतली आणि १९९२ मध्ये त्याचं निधन झालं. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक आलं होतं. त्यातही सक्तीचाच सूर होता. विरोध झाला आणि ते मागे घ्यावं लागलं.

रक्तदान केल्याबद्दल कोंडून घालतात, हे कळल्यावर कोण आपणहून तपासायला येईल? भीती घातल्याने आजार थांबत नाही, तो फक्त लपतो.

हे ओळखून सॉलोमन यांनी पुढचं आयुष्य वेगळ्या रीतीने काम केलं. आपणहून येणाऱ्याला आधी समजावून सांगायचं, मग तपासायचं आणि निकालानंतर वाऱ्यावर सोडायचं नाही. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र चेन्नईत सुरू केलं. तिथे बाधित स्त्री-पुरुषांची लग्नं जुळवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. २०१५ मध्ये त्या गेल्या आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

इकडे सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संग्राम' हे काम सुरू केलं. बाहेरच्या माणसाने वस्तीत येऊन व्याख्यान द्यायचं आणि निरोधची पाकिटं वाटून निघून जायचं, ही तेव्हाची सरधोपट पद्धत. संग्रामने हे काम धंदा करणाऱ्या बायकांच्याच हाती दिलं. कुठलं गिऱ्हाईक निरोध वापरायला नकार देतं, कुणाला दवाखान्यात जायची भीती वाटते, कुणाच्या मागे पोलीस लागलेत, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकटीने हट्ट धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं, सगळ्यांनी मिळून धरला तर त्याला ऐकावं लागतं, हे गणित त्यांनाच उमगलं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. नावातला पहिला शब्द आपल्या कानाला टोचतो, पण तो त्यांनी स्वतः निवडलेला आहे.

याची एक कसोटी अमेरिकेतून आली. २००३ च्या कायद्याने तिथल्या सरकारने अट घातली: एड्ससाठी पैसा हवा तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्यावं. ज्या बायकांच्या भरवशावर काम उभं आहे, त्यांच्याविरुद्ध सही कशी करणार? संग्रामने २००५ मध्ये सही करण्याऐवजी तो निधी सोडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. बाहेरच्या संस्थांना मात्र ती लागूच राहिली.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाले आणि चाचणीचा अर्थच बदलला. आता निकालापुढे उपचार होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. काही मोजके अपवाद सोडले तर समजावून घेतलेल्या संमतीविना चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करता येत नाही. मद्रासच्या त्या महिलांना जे मिळालं नव्हतं, ते कायद्यात यायला ३१ वर्षं लागली.

आता आपल्याकडे वळू. परदेशातल्या मराठी मंडळांच्या आरोग्य शिबिरांत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासतात. एचआयव्हीचं नाव निघालं की 'आपल्यात कुठे?' असं ऐकू येतं. १९८६ पूर्वी सारा देश हेच म्हणत होता. अमेरिकेत १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने निदान एकदा चाचणी करावी, अशी तिथल्या आरोग्य यंत्रणेचीच शिफारस आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीचे उपचार व्हिसा कुठलाही असला तरी मोफत आहेत. आखातातल्या वाचकांची अडचण खरी आहे. त्यांनी सुट्टीत घरी आल्यावर सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त चाचणी करून घ्यावी. १०९७ या क्रमांकावर माहितीही मिळते.

नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा होतो आणि तसाच राहतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आता पक्कं सिद्ध झालं आहे. म्हणजे ज्याला आपण बाजूला काढायला निघालो होतो, त्यालाच जवळ ठेवून उपचार दिले तर साथ आटोक्यात येते. पुढच्या शिबिरात टेबलावर साखरेच्या पट्ट्यांशेजारी ही चाचणीही ठेवा. कुणावर सक्ती नको. फक्त विचारा, आणि 'नको' म्हणणाऱ्यालाही चहा द्या.