मॉडेलच्या आधी प्रश्न : सुलोचना गाडगीळ यांच्या वाटेवरून

मे महिन्यात राब भाजताना टोकावड्यात जे ऊन लागतं, ते जुलैच्या लावणीत नसतं. पण जुलैत पावसाने दडी मारली, की पुन्हा उकाडा सुरू. मुरबाड-शहापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगा, तो म्हणेल, यात नवल काय?

आता शाळेचं भूगोलाचं पुस्तक आठवा. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, कमी दाब तयार होतो, वारे येतात आणि पाऊस पडतो. या कल्पनेचं मूळ एडमंड हॅली यांच्या १६८६ च्या लेखात आहे. ती पुरेशी असती, तर जमीन जास्त तापलेल्या वर्षी पाऊसही जास्त पडायला हवा. होतं उलटंच. जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ मध्येच यावर बोट ठेवलं होतं.

हे कोडं पुढे नेणाऱ्यांमध्ये महत्त्वाचं नाव आहे सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) यांचं. क्लायमेट मॉडेलिंगमध्ये यायचा विचार करत असाल, तर त्यांचा प्रवास नीट बघा. शिक्षण पुण्यात, मग १९७० मध्ये हार्वर्डमधून उपयोजित गणितात पीएचडी. तिथलं काम होतं अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहावर. मान्सूनचा त्यात संबंध नव्हता. १९७१ मध्ये त्या परत आल्या, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत (आयआयटीएम) दोन वर्षं राहिल्या आणि १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलं. गणित तेच, प्रश्न मात्र आपल्या मातीतला.

आयआयटीएममधल्या डी. आर. सिक्का यांच्यासोबत त्यांनी उपग्रहांची रोजची चित्रं तपासली. १९८० च्या त्यांच्या निबंधात दिसलं, की विषुववृत्ताजवळ समुद्रावर तयार होणारा ढगांचा पट्टा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकतो आणि भारतावरचा पाऊस टिकवून ठेवतो. म्हणजे मान्सूनला नुसता मोठा खारा वारा समजून चालणार नाही.

याचा फरक अंदाजात पडतो. १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात जोरदारांपैकी एक होता, तरी देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. २००२ चा एल निनो त्या मानाने सौम्य, अंदाज सर्वसाधारण पावसाचा, आणि जुलैत पाऊस पडला सरासरीच्या साधारण निम्मा. गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की प्रशांत महासागरासोबत हिंदी महासागराकडेही बघावं लागतं : विषुववृत्तावर ढग पश्चिमेला जास्त जमले तर आपल्याला अनुकूल, पूर्वेला जमले तर प्रतिकूल.

आज आयआयटीएमचं स्वतःचं अर्थ सिस्टिम मॉडेल आहे. जगभरच्या मॉडेलांच्या तुलनेत, म्हणजे सीएमआयपी-६ मध्ये, ते सामील झालं. पण अशा जागतिक मॉडेलांचा एक चौकोन साधारण शंभर-दोनशे किलोमीटरचा असतो. टोकावडे, माळशेज घाट आणि पलीकडचं कमी पावसाचं जुन्नर एकाच चौकोनात बसू शकतं. तिथे सह्याद्री बुटका होतो आणि घाटमाथ्याचा पाऊस पसरून जातो. रोपं कधी टाकायची, हे ठरवणाऱ्याला असा सरासरी आकडा काय कामाचा? तुमच्या पिढीसाठी काम इथेच पडलंय.

त्यासाठी भौतिकशास्त्र, गणित किंवा इंजिनिअरिंगची पदवी चालते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयआयटी मुंबई, भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटीएम इथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की करा, पायथन शिका. फोरट्रान जुनी म्हणून टाळू नका, कित्येक मॉडेलं अजून तिच्यातच आहेत.

आणि प्रवेशाची वाट न बघता आजच एक करा. हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची आकडेवारी, पाव अंशाच्या चौकटीत, मोफत मिळते. तुमच्या गावाची चौकट काढा, शेजारी एखाद्या मॉडेलचा पाऊस ठेवा. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे थांबा आणि "असं का?" हे वहीत लिहा. मुलाखतीत सॉफ्टवेअरच्या यादीपेक्षा त्या ओळीवर जास्त वेळ बोलणं होईल.