बर्फ नसल्याचा पुरावा

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. थंडीचा हा सर्वांत कडक काळ. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो, सावकाश वितळतो आणि उन्हाळ्यात झेलमला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांना पाणी पुरवतो. जानेवारी २०२४ मध्ये, नेमक्या याच दिवसांत, मी कॅमेरा घेऊन गुलमर्गला होतो आणि समोर होते पिवळे पडलेले गवत. पश्चिमेकडून पाऊस आणि बर्फ आणणारे झंझावात त्या हिवाळ्यात तिकडे फारसे फिरकलेच नव्हते. घोडेवाले, स्लेजवाले नुसते उन्हात बसून होते. आपल्याकडची मंडळी मात्र भाड्याचे गमबूट चढवून कोरड्या माळावर फोटो काढून घेत होती. पैसे भरलेले, करणार काय!

आता, जे नाही त्याचे छायाचित्र काढायचे कसे? बर्फाविना गुलमर्ग चित्रात ऑक्टोबरातलेच वाटते. त्याच महिन्यात ओमर अब्दुल्ला यांनी कोरड्या गुलमर्गचे चित्र लोकांपुढे ठेवले, ते आधीच्या वर्षांतल्या ६ जानेवारीच्या चित्रांच्या जोडीने. माझ्या मते खरा पुरावा त्या जोडीत होता.

इतिहासात असे घडलेले आहे. १९२१ मध्ये मॅलरीने एव्हरेस्टखालच्या रोंगबुक हिमनदीचे छायाचित्र घेतले. २००७ मध्ये डेव्हिड ब्रेशर्स त्याच जागी उभा राहिला, तेव्हा हिमनदी किती खाली गेली ते डोळ्यांना दिसले. त्याही आधी, १८६४ मध्ये, सॅम्युअल बोर्न काश्मीरमध्ये हिंडला होता. त्या काळी काच ओली असेपर्यंतच चित्र घेऊन ते धुवावे लागे. त्यासाठी अंधारा तंबू, रसायने, काचा, सगळे हमालांच्या पाठीवर. इतक्या खटाटोपाने घेतलेली ती चित्रे आज पुन्हा त्याच जागेवरून घेता येतात, कारण डोंगर हलत नाहीत.

म्हणून मीही चौकटीत न हलणाऱ्या खुणा घेतल्या. एक १९०२ चे सेंट मेरी चर्च, दुसरे टेकडीवरचे १९१५ चे शिवमंदिर, ‘आप की कसम’ मधल्या गाण्यामुळे आपल्या ओळखीचे. पण जून २०२४ मध्ये ते मंदिर आगीत जळाले. न हलणारी खूण पाच महिन्यांतच गेली! माझ्या चित्रात ते अजून उभे आहे, भोवती वाळलेले गवत.

पुढे फेब्रुवारीत गुलमर्गला भरपूर बर्फ पडला, हिवाळी क्रीडास्पर्धाही झाल्या. उशिराचा हा बर्फ वाढत्या उन्हात भराभर वाहून जातो, पण छायाचित्रात तो जानेवारीच्या बर्फाइतकाच पांढरा दिसतो. ती चित्रे पाहून, त्याच हिवाळ्यात इथे गवत उघडे पडले होते, हे उद्या कोणाला खरे वाटेल? माझ्या प्रत्येक चित्रामागे मी तारीख, वेळ आणि उभे राहिल्याची जागा लिहून ठेवली आहे.