नाक्यावरचे आटे

कनेरगाव नाका ही एसटीची पाटी वाचून अनेकांना वाटते, इथे मोठा चौक असेल. चौक आहेच, पण नावातला 'नाका' चौकाचा नाही, हद्दीचा आहे. इकडे हिंगोली, तिकडे वाशीम, आणि आसपास पैनगंगेचे खोरे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोलीची बाजू निजामाच्या राज्यात होती. वाशीमची बाजू वऱ्हाडातली, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे गेलेला. तिकडे कळदार रुपया, इकडे हाली सिक्का. इकडे कचेरीची भाषा उर्दू, तिकडे वेगळी. माल आत आणायचा तर करोडगिरी खात्याला जकात मोजा आणि पुढे व्हा.

हद्द ओलांडली की सगळे बदलत असे. सायकलच्या मागच्या हबवरचे आटे मात्र दोन्हीकडे तेच राहिले. एका इंचात चोवीस.

हे कसे झाले, ते थोडक्यात सांगतो. १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्लीची 'रोव्हर' आली. दोन सारखी चाके, मधे साखळी. आजची सायकल तिचीच नात. पण तिला फ्रीव्हील नव्हते. चाक फिरते तोवर पायडल फिरणार, उतारावरसुद्धा. थांबायचे तर पायानेच उलटा जोर द्यायचा. १९०० च्या सुमारास फ्रीव्हील सर्वत्र आले आणि उतारावर पाय निवांत ठेवण्याची चैन माणसाला मिळाली. बर्मिंगहॅमचा बी.एस.ए. कारखाना मुळात बंदुकांचा. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही तिथली शिस्त. तोच कारखाना इतरांसाठी सायकलचे हब आणि क्रँक करू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या सायकल अभियंत्यांच्या संस्थेने आट्यांची मापे ठरवून टाकली. रॅले कंपनी तेवढी आपल्या तोऱ्यात राहिली. तिच्या क्रँकच्या खोबणीत इंचाला सव्वीस आटे! म्हणून रॅलेला रॅलेचाच कप लागे. मोठ्या घरच्या सुनेला माहेरचेच लोणचे लागावे, तसे.

स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी.आय. सायकल्स, सोनिपतला ॲटलस, लुधियान्याला १९५६ पासून हिरो. माप इंग्रजीच राहिले. पुढे मैल गेले, शेर गेला, आणे गेले. सायकलचे चाक मात्र अठ्ठावीस बाय दीडच.

हा इतिहास मला आठवला तो पुतण्यामुळे. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिकडच्या मुलांत फ्रीव्हील काढून जुनी 'फिक्स' सायकल चालवण्याची हौस आली आहे. सुटीत आला तो आमच्या अब्बांची काळी सायकल घेऊन नाक्यावरच्या मिस्त्रींकडे. म्हणाला, "चाचा, फक्त फ्रीव्हील काढायचं आणि साधी चक्री बसवायची. आटे तेच आहेत."

आटे तेच आहेत, हे खरे. फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसते त्याच आट्यांवर फिक्सची चक्रीही बसते. गंमत पुढे आहे. क्रँकच्या धुरीला, म्हणजे बी.बी.ला (आमच्या घरात या शब्दाचा अर्थ निराळा, पण मिस्त्रींसमोर हसायची सोय नाही), डाव्या बाजूला एक लोखंडी रिंग असते. तिचेही माप तेच, चोवीस आटे. म्हणून काही हुशार लोक ती रिंग चक्रीवर आवळतात आणि झाले म्हणतात.

मिस्त्री शाळा फार शिकलेले नाहीत. त्यांनी चक्री हाताने बसवून दाखवली. पुढे पायडल मारले की ती आवळते. उलटा जोर दिला की सुटू पाहते. रिंगचे आटेही त्याच दिशेचे, म्हणजे चक्री सुटताना रिंगही तिच्यासोबत सुटणार. "माप जुळलं, दिशा नाही जुळली," ते म्हणाले. खऱ्या फिक्स हबला दोन पायऱ्या असतात. मोठ्या पायरीवर सरळ आटे, चक्रीसाठी. तिच्याबाहेर थोड्या बारीक पायरीवर उलटे आटे, रिंगसाठी. चक्री सुटू लागली की तिच्यामुळेच रिंग आवळते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामागेही सुटू नये हाच विचार. ज्याने हे प्रथम केले त्याला मी कवी मानतो.

क्रँकचेही तसेच. फिक्सवर पाय थांबत नाहीत, त्यामुळे वळणावर सायकल कलली की पायडल जमिनीला घासते. म्हणून क्रँक थोडा आखूड बरा, १६५ मिलिमीटरचा. पुढचे मोठे चक्र आणि मागची चक्री एका रेषेत हवीत. सांगाड्याच्या मध्यापासून पुढे मोजायचे, हबच्या मध्यापासून मागे, आणि दोन्ही आकडे जुळवायचे. नाहीतर साखळी तिरपी चालते, आवाज करते आणि एक दिवस उतरते. साध्या सायकलीवर साखळी उतरली तर हात काळे होतात. फिक्सवर ती उतरली की पायाचा ब्रेक गेला, आणि चक्रीत अडकली तर मागचे चाक जागीच जाम. साखळीची रुंदीही बघावी लागते. आपल्याकडची जुनी साखळी इंचाचा आठवा भाग रुंद. गिअरवाल्या सायकलची त्याहून अरुंद, ती जाड दात्यांवर बसतच नाही.

जुन्या काळ्या सायकलीचा एक गुण मात्र मिस्त्रींनी मान्य केला. मागच्या चाकाची खाच आडवी, त्यामुळे चाक मागे ओढून साखळी ताणता येते. पुढे ४८ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सहा मीटरच्या आसपास जाते. सपाट रस्त्याला ठीक.

शेवटी दोन पायऱ्यांचा हब पुतण्याने पुण्याहून आणला. मिस्त्रींनी तारा नव्याने भरल्या. साखळी ताणताना ते क्रँक हळूहळू पूर्ण फिरवून बघत होते, कारण मोठे चक्र कधीच अगदी गोल नसते. एका जागी साखळी घट्ट होते, एका जागी सैल. घट्ट जागेवर थोडी ढिलाई राहील इतकीच ती ताणायची. पुतण्याला पुढचा ब्रेक काढायचा होता, 'दिसायला बरं' म्हणून. मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. ब्रेक राहिला.

जुना हब त्यांनी पैसे न देता ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात तो एका दूधवाल्याच्या सायकलीत बसला. दूधवाला वाशीमच्या बाजूचा.