कान्तेई : जपानी तलवारींची पारख

कान्तेई : जुन्या जपानी तलवारीचे पाते पाहून ते कोणत्या काळातले, कोणत्या प्रांतातले आणि शक्य झाल्यास कोणत्या लोहाराच्या हातचे हे ठरवण्याची विद्या. पात्यावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले असले तरी कान्तेईत ते सर्वांत शेवटी वाचायचे. आधी पोलादाची साक्ष घ्यायची, मग नाव त्या साक्षीशी जुळते का ते पाहायचे. नवखा संग्राहक नेमका उलटीकडून सुरुवात करतो : नाव वाचतो, ग्रंथात शोधतो, हरखतो आणि पैसे मोजून मोकळा होतो.

पारखी प्रथम पाते उभे धरून त्याचा घाट, म्हणजे ‘सुगाता’, पाहतो. अकराव्या-बाराव्या शतकांत घोडेस्वारांसाठी घडलेल्या ‘ताची’ तलवारींचा बाक मुठीजवळ खोल असतो, पाते पुढे निमुळते होत जाते आणि टोक लहान असते. चौदाव्या शतकात रुंद, लांब टोकांची अवाढव्य पाती निघाली, त्यांतली काही तीन शाकूंहून लांब होती (एक शाकू म्हणजे ३०.३ सेंमी.). पुढे पायदळाची लढाई वाढली, तलवार आखूड झाली आणि बाक टोकाकडे सरकला. कान्बुन काळातली (१६६१–७३) बरीच पाती तर जवळजवळ सरळ वाटतात. ताची धार खाली ठेवून कमरेला लटकवत. ‘काताना’ धार वर करून कमरपट्ट्यात खोवत. दोन्हींत नाव अंगाच्या बाहेरच्या बाजूला यावे असा रिवाज होता. त्यामुळे नाव कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरूनही पाते कशासाठी घडले याचा अंदाज बांधता येतो, अपवाद आहेतच.

संग्राहक साधारण १५९६ पूर्वीच्या पात्यांना ‘कोतो’ (जुनी), त्यानंतरच्यांना ‘शिंतो’ (नवी) आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्यांना ‘शिन्शिंतो’ (नव्यांतली नवी) म्हणतात. या ‘शिंतो’चा त्याच उच्चाराच्या धर्माशी संबंध नाही. ‘नवी’ म्हणवून घेणारी यांतली तलवार शिवकाळाइतकी जुनी असू शकते.

घाटानंतर पाते एकाच दिव्याच्या उजेडाकडे रोखून कलते धरतात आणि त्याचे अंग न्याहाळतात. पोलाद पुनःपुन्हा दुमडून ठोकल्यामुळे त्यावर लाकडाच्या रेषांसारखी ‘हादा’ उमटते. यामातो प्रांताच्या कामात ती सरळ उभ्या लाकडासारखी धावते, इतरत्र फळीवरच्या वळणांसारखी किंवा गाठींसारखी. बिझेन प्रांताच्या जुन्या पात्यांत धारेच्या वर एक धूसर सावली दिसते, तिला ‘उत्सुरी’ म्हणतात. छायाचित्रात ती सहसा सापडत नाही. पाते हातात घेऊन उजेडात हळूहळू फिरवल्यावर ती अचानक दिसते, आणि एकदा दिसली की मग डोळा तिला विसरत नाही.

खरी परीक्षा ‘हामोन’ची. मराठीत पोलादाला ‘पाणी देणे’ म्हणतात. जपानी तलवारीत ते दिलेले पाणी डोळ्यांना दिसते. लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग पाते तापवून पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कठीण होते, जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर हामोनची पांढुरकी रेघ उमटते. या सीमेवरचे कण सुटे, चमकते दिसले तर ते ‘निए’; धुक्याच्या पट्ट्यासारखे एकजीव दिसले तर ‘निओई’. बिझेनच्या लोहारांचा ओढा निओईकडे आणि लवंगेच्या कळ्या ओळीने मांडाव्यात तशा नक्षीकडे होता, तर सागामी प्रांतातल्या ‘सोशू’ परंपरेचा निएकडे. मिनोतल्या कानेमोतोने तीन-तीन देवदारांच्या शेंड्यांसारखी रेघ काढली. सतराव्या शतकात ओसाकाच्या सुकेहिरोने तिला उसळत्या लाटांचे रूप दिले. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच परंपरांची चौकट अभ्यासाला सोयीची आहे, मात्र प्रत्येक पाते तिच्यात बसवण्याचा हट्ट धरला की चुका सुरू होतात. हामोन टोकात शिरून मागे वळते त्या भागाला ‘बोशी’ म्हणतात. तेवढ्याशा जागेत लोहाराला लपवाछपवी करता येत नाही. झिजलेल्या वा मोडलेल्या टोकामुळे बोशी नाहीशी झाली असेल तर पात्याची किंमत कोसळते.

मूठ उतरवल्यावर दिसतो तो पात्याचा शेपटा, ‘नाकागो’. मूठ पक्की करणाऱ्या खिळीचे भोक, कानशीच्या रेघांची दिशा, शेपटाच्या टोकाचा आकार आणि लोहाराचे नाव हे सारे इथेच असते. या सगळ्यावर शतकांचा गंज असतो, आणि तो गंज हाच पुरावा असतो. जुना गंज काळपट, दाट आणि हाताला गुळगुळीत लागतो. नवा तांबूस आणि भुरभुरीत. म्हणून पात्याला कितीही वेळा पाणीदार पॉलिश केले तरी नाकागोला कोणी हात लावत नाही. खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून लखलखीत करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे पटणे अवघड आहे, पण नाकागो एकदा प्रेमाने घासला की तलवारीचा जन्मदाखला पुसला गेला.

खोट्या नावाला ‘गिमेई’ म्हणतात आणि ते फार जुने दुखणे आहे. मूळ अनामिक पात्यावर बड्या लोहाराचे नाव कोरायचे, किंवा दुय्यम लोहाराचे नाव खरवडून दुसरे घालायचे, हे दोन्ही प्रकार चालत. छिन्नीचा घाव जुन्या गंजावरून गेला आहे की गंज घावात उतरला आहे, हे भिंगाखाली पाहिले की पुष्कळदा उलगडा होतो. सतराव्या शतकातल्या एदोच्या (आजच्या तोक्योच्या) नागासोने कोतेत्सु या लोहाराची इतकी नक्कल झाली की कोतेत्सु दिसली की खोटी समजावी, असा व्यवहारच पडला. शोगुनशाहीच्या अखेरच्या काळातल्या ‘शिन्सेनगुमी’ या सशस्त्र दलाचा सरदार कोंदो इसामी याच्याकडे म्हणे कोतेत्सु होती. ती खरी होती का, यावर अजून वाद होतो. नाव खरे असूनही फसगत होऊ शकते, ती वेगळीच. बिझेनमधल्या ओसाफुने गावात ‘सुकेसादा’ या एकाच नावाने अनेक लोहारांनी काम केले. त्यांनी युद्धकाळात घाऊक माल काढला आणि मोठ्या सरदारांसाठी फर्माशी पातीही घडवली. त्यामुळे नावासोबत लोहाराचे वैयक्तिक नाव, पदवी आणि तारीख कोरलेली असेल तर भाव वेगळा.

लांब ताची नंतरच्या पिढ्यांनी वापरायला आखूड केल्या त्या शेपटाकडून, टोकाकडून नव्हे. त्यात नाव कापले गेले. काही मालकांनी नावाचा तुकडा काढून नव्या शेपटात चौकटीसारखा जडवला. हे ‘गाकुमेई’, आणि लबाडीला इथेही वाव आहेच. पण आखूड झालेले अनामिक पाते कमअस्सल ठरत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीचा व चौदाव्याच्या आरंभीचा सोशू लोहार मासामुने याची नाव कोरलेली पाती अत्यंत दुर्मीळ आहेत. मेइजी काळात तर असा लोहार झालाच नाही, असे प्रतिपादन इमामुरा चोगा या अभ्यासकाने केले होते.

अनामिक पात्याला नाव देणे हे होनामी घराण्याचे काम. पारख आणि पॉलिश हा या क्योतोच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. सुलेखनकार आणि कलावंत म्हणून गाजलेला होनामी कोएत्सु (१५५८–१६३७) याच घराण्यातला. होनामी पाते तपासून घडी घातलेल्या जाड कागदावर निर्णय आणि सोन्याच्या नाण्यांतली किंमत लिहून देत. त्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत, आणि जपानीत आजही एखाद्या गोष्टीच्या दर्जाची हमी आहे असे सांगायला ‘ओरिगामी जोडलेली’ असा वाक्प्रचार आहे. घराण्याची बैठक महिन्याच्या तीन तारखेला भरे, म्हणून कागदावरची तारीखही तीच. जुना कागद पारखताना ही खूण उपयोगी पडते. काही अनामिक पात्यांच्या शेपटावर त्यांनी निर्णय सोन्याने जडवून दिला. १७१९ साली शोगुन तोकुगावा योशिमुनेच्या आज्ञेवरून होनामी कोचू याने नामांकित तलवारींची यादी तयार केली. तिला ‘क्योहो मेइबुत्सुचो’ म्हणतात. आगीत जळालेल्या तलवारींचीही त्यात नोंद आहे. १६१५ च्या ओसाका वेढ्यात आणि १६५७ च्या एदोच्या आगीत किती ठेवा गेला, हे त्यावरून कळते. मात्र होनामींच्या नंतरच्या पिढ्यांच्या कागदांकडे जाणते संग्राहक जरा सावधपणेच पाहतात : तलवारी भेट देण्याघेण्याच्या दरबारी व्यवहारात फुगवलेला कागद सगळ्यांच्याच सोयीचा असतो.

१८७६ च्या आज्ञेने सर्वसामान्यांना तलवार बाळगून फिरायला बंदी झाली. १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांच्या फौजेने तर तलवारी गोळाच केल्या. तोक्योतल्या आकाबाने येथे त्यांचा ढीग लागला. होन्मा जुंजी आणि सातो कान्इचि या तज्ज्ञांनी कलामूल्याच्या आधारे जमेल तेवढे वाचवले. १९४८ मध्ये जपानी कलातलवारींच्या जतनासाठी ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ ही संस्था स्थापन झाली. आज तिचे निर्णयपत्र संग्राहकाला सर्वांत जास्त खात्री देते. त्याचे चार स्तर : होझोन, तोकुबेत्सु होझोन, ज्युयो, तोकुबेत्सु ज्युयो. जपानमध्ये तलवारीला सरकारी नोंदणीपत्रही लागते. ते मालकाच्या नव्हे, पात्याच्या नावाने असते आणि मालक बदलला की २० दिवसांत कळवावे लागते. पारंपरिक पद्धतीने घडलेली कलावस्तू म्हणूनच नोंदणी मिळते. दुसऱ्या महायुद्धातली कारखान्यात बनलेली लष्करी तलवार जपानमध्ये नोंदवता येत नाही, परदेशात मात्र तिचाच बाजार मोठा.

अभ्यासमंडळांत कान्तेईचा एक खेळ चालतो. नाकागो झाकून पाती मांडतात आणि प्रत्येकाने लोहाराचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे. अचूक उत्तराला ‘आतारी’. त्याच घराण्यातला वा शिष्यशाखेतला लोहार सांगितला तर ‘दोझेन’, म्हणजे जवळजवळ बरोबर. आणि भलतीकडे गेलात तर ‘इया’, नाही. तीन संधी मिळतात. कागदाच्या भरवशावर लाखोंची खरेदी करणाऱ्यांना इथे पहिल्या वर्षी बहुतेक ‘इया’च ऐकावे लागते, आणि ती फी स्वस्तच म्हणायची.

खरेदीपूर्वी पाहावे ते मुख्यतः दोषांकडे. धारेला आडवी जाणारी बारीक चीर, ‘हागिरे’, हा प्राणघातक दोष. तिला दुरुस्ती नाही. आगीत पाणी गेलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिले असेल तर इतिहास राहतो, किंमत नाही. पॉलिशचे काम पिढीजात कारागिराचेच. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे पोलाद झिजते, आणि आतले मऊ पोलाद वर डोकावू लागले की ‘पाते थकले’ म्हणतात. घरी फक्त जुने तेल पुसायचे, वेळप्रसंगी बारीक दगडी पूड हलकेच फिरवायची आणि नवे तेल लावायचे. या तेलाला परंपरेने लवंगेचा वास असतो. पात्यावर बोट ठेवायचे नाही, त्याच्यासमोर बोलायचेही नाही, कारण थुंकीचा कण गंज आणतो. विश्रांतीसाठी साध्या लाकडाचे म्यान वापरतात.

युद्धानंतर देशाबाहेर गेलेल्या पात्यांत सात्सुमाच्या शिमाझु घराण्याशी संबंधित, कागोशिमातल्या तेरुकुनी मंदिराची कुनिमुने ताची होती. जपानमध्ये ती राष्ट्रीय ठेवा ठरलेली होती. अमेरिकेतले औषध उद्योजक आणि जाणकार संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांच्या हाती ती आली. ही कोणती तलवार हे त्यांनी ओळखले आणि १९६३ साली मोबदला न घेता ती परत केली. त्यांचा उरलेला संग्रह १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाला.