सरखेल

सरखेल ही मराठेशाहीतील आरमारप्रमुखास दिली जाणारी सर्वोच्च सन्मानाची पदवी होती. कान्होजी आंग्रे यांच्यामुळे ती विशेष प्रसिद्ध झाली. पुढे आंग्रे घराण्याच्या नावाशी ती कायमची जोडली गेली.

व्युत्पत्ती

फारसी 'सर' म्हणजे प्रमुख आणि 'खेल' म्हणजे टोळी किंवा पथक. दिल्लीच्या सुलतानशाहीत सरखेल हा अवघ्या दहा स्वारांचा नायक असे, असे बरनीच्या वर्णनावरून दिसते. घोडदळातील हे कनिष्ठ पद कोकणात समुद्रावरील सर्वाधिकाराचे द्योतक ठरले, ही शब्दाच्या प्रवासातील नवलाची गोष्ट होय.

इतिहास

सिधोजी गुजर यांच्यानंतर, इ.स. १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. शाहू व ताराबाई यांच्या संघर्षात ते प्रारंभी ताराबाईंच्या पक्षात होते. बाळाजी विश्वनाथांनी १७१३-१४ मध्ये त्यांच्याशी तह केला; शाहूंनी सरखेलपद कायम करून १० किल्ले व १६ लहान ठाणी त्यांच्या ताब्यात मान्य केली. म्हणजे ही पदवी नुसती शोभेची नव्हती. तिच्याबरोबर किल्ले आणि मुलूखही होता. जपानी साम्राज्यातील 'गेन्सुई' या पदवीशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. १८९८ पासून ती निवडक ज्येष्ठ सेनापतींना व आरमारी सेनानींना व्यक्तिगत सन्मान म्हणून मिळे. तोगो हेइहाचिरो यांना ती १९१३ मध्ये मिळाली.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. थोरले पुत्र सेखोजी यांच्या मृत्यूनंतर (१७३३) संभाजी व मानाजी या बंधूंत कलह माजला. पहिल्या बाजीरावांनी १७३५ मध्ये वाटणी केली : संभाजींना विजयदुर्ग व 'सरखेल', तर मानाजींना कुलाबा व 'वजारतमाब' हा नवा किताब. भांडण तात्पुरते मिटले, परंतु एकसंध आरमार दुभंगले. वसईच्या वेढ्यात (१७३९) चिमाजी आप्पांना समुद्राच्या बाजूने साहाय्य झाले ते मानाजींचे. संभाजींमागून सरखेल झालेल्या तुळाजींचे पेशव्यांशी वितुष्ट आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांची फौज जमिनीवरून आणि वॉटसन व क्लाइव्ह यांचे इंग्रज आरमार समुद्रातून विजयदुर्गावर चालून गेले. त्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांचे कैदी झाले व कैदेतच मरण पावले. मराठ्यांचे सर्वांत प्रबळ आरमार नष्ट करण्यास मराठी राज्याच्याच प्रधानाने हातभार लावला होता.

कुलाब्याची शाखा मात्र टिकून राहिली; ते संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये 'आय.एन.एस. आंग्रे' हे नाव देण्यात आले.