कोर्लई : गाव, शाळा आणि घरची बोली

रोह्याकडून येणारी कुंडलिका समुद्रास मिळते, तेथे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. १७४० साली किल्ला मराठ्यांकडे आला व पोर्तुगीज निघून गेले. ख्रिस्ती कुटुंबे मात्र येथेच राहिली. त्यांची पोर्तुगीजमधून घडलेली बोली, 'नॉ लिंग' म्हणजे 'आपली भाषा', हीही टिकली. गावात शाळा आली ती मराठी माध्यमाची. मूल घरी एक भाषा बोले, पाटीवर दुसरी गिरवी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमधील उपासनाही मराठीत आली. मराठी आम्हांस प्रियच आहे. तिच्यामुळेच येथील मुले शिकली, नोकरीस लागली. परंतु शाळेत या बोलीचे एकही क्रमिक पुस्तक नाही, आणि तरुण आईबाप आता मुलांशी घरीही मराठीतच बोलू लागले आहेत.