देवीचा वण

चवथीच्या दिवशी घराण्यातील थोरले काका उघड्या अंगाने पूजेला बसतात. माटोळीखाली जमलेल्या मुलांचे लक्ष यंदा मूर्तीआधी त्यांच्या दंडावरील दोन वाटोळ्या वणांकडे गेले. "हे कसले?" असे मुलांनी विचारले. काका म्हणाले, "देवी काढल्या त्याचे." मुलांना काही उमगले नाही. आम्हा चाळिशीतल्यांच्या दंडावरही एक वण असतो, पण तो क्षयाच्या बीसीजी लशीचा. देवीचा वण आमच्या पिढीला मिळालाच नाही. तो का मिळाला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

देवी हा विषाणूमुळे होणारा रोग. संसर्गानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी कडक ताप येई, मग तोंडावर आणि हातापायांवर पुरळ उठे, त्यात पू भरे व खपल्या धरत. त्याच्या तीव्र प्रकारात शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत, काहींची दृष्टी जाई. आपल्या पूर्वजांनी या रोगाला देवीचे नाव दिले. मुंबईत माहीमला आणि उत्तर कोकणात केळव्याला शीतलादेवीची देवळे आहेत. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचे डहाळे लावीत, फोडणी बंद करीत, परक्याला आत घेत नसत. श्रद्धेने पाळलेल्या या नियमांत रुग्णाला वेगळे ठेवण्याचे शहाणपणही होते.

१४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी गायीच्या देवीचा फोड आलेल्या गवळणीच्या हातावरील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचूनही रोग झाला नाही. गायीला लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सिन' हा शब्द आला. पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या जुन्या मंडळींना 'व्हाका' म्हणजे गाय आणि 'व्हासिना' म्हणजे लस, हे नाते सहज कळत असे. जेन्नर यांच्या या प्रयोगाच्या आठच वर्षे आधी, १७८८ साली, आपला पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला होता.

त्या काळी बर्फपेट्या नव्हत्या. लस टिकवायची तर एका मुलाच्या दंडावर आठवडाभराने भरलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याला टोचावा लागे. अशी साखळी करीत बगदाद, बसरामार्गे लस मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी आना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. मात्र दंडावरून दंडावर जाताना दुसरे रोगही पसरत. म्हणून पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले. आपल्या शेजारच्या बेळगावात टिळकवाडीला अशी लस तयार होत असे. त्या झाडीच्या परिसराला लोक आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली देशाचा देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे मुक्त गोवा अगदी आरंभापासून या लढाईत होता. १९६७ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने जोर लावला. उन्हात टिकणारी सुकवलेली लस आणि दोन टोकांची सुई हाती आली. त्या सुईने पंधरा वेळा टोचले की काम होई, आणि थोडक्या शिक्षणाचा माणूसही ते शिकू शके. शिवाय सगळ्यांनाच टोचत बसण्यापेक्षा रुग्ण शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्यांना टोचून रोगाची वाट अडवायची, ही युक्ती कामी आली. हा विषाणू माणसाखेरीज कुठल्याही प्राण्यात राहत नाही, म्हणून त्याला लपायला जागा उरली नाही. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण सापडला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातील शेवटचा रुग्ण आढळला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले.

२०२१ साली कोरोनाच्या लसीकरण केंद्रावर आम्हाला ड्यूटी लागली होती. पहिल्या दिवशी बरीच माणसे दारातच घुटमळत होती. ताप येतो, माणूस जातो, अशा नाना गोष्टी पसरल्या होत्या. आम्ही समजावून थकलो. तेवढ्यात वाड्यावरील एक वृद्ध आजी काठी टेकत पुढे आली. तिचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. लहानपणी तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकाच वेळी देवी आल्या होत्या. ती राहिली, भाऊ गेला. खुर्चीवर बसून बाही वर करीत ती म्हणाली, "आदीं माका टोच." नंतर रांग आपोआप लागली.

आमच्या सगळ्या माहितीपत्रकांनी जे झाले नाही ते त्या एका चेहऱ्याने केले. आता तसे चेहरे गावात फारसे उरले नाहीत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण रोग दिसेनासा झाला की लशीचे मोलही विसरले जाते. गोवर अजून गेलेला नाही. पोलिओ देशातून गेला असला तरी जगातून गेलेला नाही. म्हणून घरातील लहानग्यांचे लसीकरण कार्ड या चवथीला एकदा काढून पाहावे, एखादी लस राहिली असेल तर ती देऊन घ्यावी, आणि मुलांनी विचारले तर काकांच्या दंडावरील वणाची गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

विघ्नहर्ता सर्वांना आरोग्य देवो. गणपती बाप्पा मोरया!